‘लायसन लागत नाही’ म्हणजे नेमके कशाला लागत नाही?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एका आईने लिहिले आहे. मुलगा दहावीत आहे, वय साडेपंधरा. सात किलोमीटरवरच्या क्लासला त्याला सकाळी सव्वासहाला पोचावे लागते. वडील पुण्याला नोकरीला असून रविवारी घरी येतात. दिवाळीत त्यांनी पत्नीच्या नावावर, हप्त्यांनी, विजेवर चालणारी एक छोटी स्कूटर घेतली. ‘लायसन नको, पासिंग नको, शाळेच्या मुलांसाठीच आहे,’ असे दुकानदाराने सांगितले होते. महिन्याभरात मुलाने मित्राच्या ओळखीच्या एका मेकॅनिककडून गाडीच्या वेगावरचे बंधन काढून घेतले, आणि आता ती ताशी ४५ किलोमीटरने पळते. आईला हे कळले, ‘पण मी कळले नाही असेच दाखवले,’ असे त्या लिहितात. आता पालकांना पंचवीस हजारांचा दंड होतो असे त्यांच्या कानावर आले आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या नणंदेचे म्हणणे आहे की तिकडे चौदाव्या वर्षापासून मुले ई-बाईक चालवतात. गावातही बरोबरीची सगळी मुले चालवतात. मुलाने ही गाडी चालवणे बेकायदा आहे का, सहा महिन्यांनी त्याला सोळावे पूर्ण झाले की प्रश्न मिटेल का, आणि गाडी काढून घेतली तर तो दुखावेल त्याचे काय करायचे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मुलाचे वय आहे. पण कायद्याला वयाआधी दुसरी एक गोष्ट ठरवावी लागते: ही गाडी ‘मोटार वाहन’ आहे की नाही? त्याचे उत्तर मिळेपर्यंत साडेपंधरा, सोळा आणि अठरा या आकड्यांना काही अर्थ नाही. दुकानदाराने तुम्हाला जे वाक्य ऐकवले ते गाडीविषयीचे होते. तुम्ही ते मुलाविषयीचे समजलात, आणि तुमच्या जागी कोणीही तसेच समजले असते, कारण दुकानातले वाक्य त्यासाठीच तसे बेतलेले असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांची व्याख्या आहे आणि तिला एक अपवाद जोडलेला आहे. ज्या वाहनाच्या मोटारीची शक्ती, म्हणजे सलग अर्धा तास ती देऊ शकेल एवढी शक्ती, ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजेच २५० वॉटपेक्षा कमी आहे, ज्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, बॅटरी वगळून ज्याचे वजन ६० किलोंपेक्षा जास्त नाही, आणि ज्याला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल रिफ्लेक्टर आहे, ते वाहन मोटार वाहन मानले जात नाही. मात्र या अटी पूर्ण होतात हे सरकारमान्य चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेले असले पाहिजे. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. एखादे वाहन या अपवादात बसले की त्याला नोंदणी नको, सक्तीचा विमा नको, परवाना नको, आणि म्हणून परवान्याशी जोडलेली वयाची अटही नको. दुकानदाराच्या वाक्यात जे तथ्य आहे ते एवढेच आहे.

मोटार वाहन नसलेल्या या गाड्यांसाठी मोटार वाहन कायद्यात किमान वय सांगितलेले नाही. सायकलसाठीही तो ते सांगत नाही. याचा अर्थ कोणीतरी विचार करून पंधरा वर्षांच्या मुलाला मान्यता दिली आहे असा होत नाही. विषयच आपल्या कक्षेबाहेरचा समजून कायद्याने तो पालकांवर सोपवला आहे, एवढेच. हा फरक मी पुन्हा काढणार आहे, कारण गाडी पूर्ववत करून घेतल्यावरही तो तुमच्यापुढे उभा राहील.

आज मात्र तुमची गाडी त्या अपवादात नाही. वेगाचे बंधन काढून ती ताशी ४५ किलोमीटरने धावू लागली तेव्हाच सूट मिळण्याचा पाया निघून गेला. आता ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन आहे, आणि तेही नोंदणी नसलेले व विमा नसलेले. विजेवरच्या खासगी वाहनाला हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत क्रमांक असतो, तो तुम्ही रस्त्यावर पाहिला असेल. तुमच्या गाडीला तशी पाटी नाही, म्हणजे मुलाचे राहू द्या, तुमच्याकडे पक्का परवाना असला तरी तुम्हालाही ती आजच्या अवस्थेत रस्त्यावर नेता येणार नाही. असे फेरफार होत आहेत हे यंत्रणेला ठाऊक नाही असेही नाही. राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने २०२२ च्या मे महिन्यात नेमक्या याच प्रकाराविरुद्ध, म्हणजे मान्यतेपेक्षा जास्त शक्तीच्या आणि वेग वाढवलेल्या ई-बाईकविरुद्ध, तपासणी मोहीम घेण्याचे आदेश दिले होते.

आता पंचवीस हजारांविषयी. तुमच्या कानावर आले ते खरे आहे, पण अर्धेच आले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन ‘१९९ ए’ हे कलम आले आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ते लागू झाले. अल्पवयीन मुलाने या कायद्याखालचा गुन्हा केला, आणि परवान्याशिवाय मोटार वाहन चालवणे हाही त्यातलाच गुन्हा आहे, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी आहे. त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. (तुमच्या गाडीची नोंदणीच नसल्याने रद्द करायला काही नाही, पण हा काही दिलासा नव्हे.) तुमच्या घरात पालकही तुम्ही आणि बिलावरच्या मालकही तुम्हीच आहात, त्यामुळे दोन्ही वाटा तुमच्याच दाराशी येतात.

माझ्या मते या कलमातली सर्वांत जड तरतूद यानंतर येते, आणि चावडीवरच्या गप्पांत ती कधीच ऐकू येत नाही. असा गुन्हा करणाऱ्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळू शकत नाही. तालुक्याच्या गावात याचा अर्थ काय होतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. बरोबरीची मुले अठराव्या वर्षी परवाना काढतील, दुचाकीवरून कॉलेजला, पुढे एमआयडीसीतल्या कामाला जातील, आणि हा मुलगा आणखी सात वर्षे दुसऱ्याच्या मागे बसून फिरेल किंवा, जास्त शक्यता ही की, परवान्याशिवायच गाडी चालवत राहील. दंडाचे पैसे कुठून तरी उभे करता येतात. ही सात वर्षे कोणत्याही पतसंस्थेतून उसनी मिळत नाहीत.

याच कलमाने पालकाला एक बचावही दिला आहे: हे माझ्या नकळत घडले, किंवा ते घडू नये म्हणून मी योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे. मुलाने वाहन पालकाच्या संमतीनेच वापरले असे न्यायालय गृहीत धरते, तसे नव्हते हे दाखवण्याचा भार पालकावर असतो. ‘मी कळले नाही असेच दाखवले,’ हे तुमचे वाक्य मी म्हणूनच दोनदा वाचले. मी तुम्हाला दोष देत नाही. नवरा परगावी, घर एकटीच्या अंगावर, मुलगा वयात आलेला, अशा वेळी रोजचा एक वाद टाळण्यासाठी माणूस डोळेझाक करतो, आणि ती दुसऱ्या दिवशीही सोयीची वाटते. पण कायद्यातला बचाव खरोखर ठाऊक नसलेल्या पालकासाठी आहे, ठाऊक नसल्याचे दाखवणाऱ्यासाठी नाही. शिवाय तुम्हाला कळले आहे हे मुलाला बहुधा कळलेलेच असते. तुमच्या गप्प राहण्यातून त्याने परवानगीच वाचली असणार.

सोळाव्या वाढदिवसावर तुम्ही बरीच मदार ठेवली आहे, तेव्हा त्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. याला जोडून एक सवलत आहे: ज्या मोटारसायकलच्या इंजिनाची क्षमता ५० सीसीपेक्षा जास्त नाही, ती सोळा पूर्ण झालेल्या व्यक्तीला चालवता येते, आणि विनागिअर गाडीचा शिकाऊ परवाना अशा अल्पवयीनाला पालकाच्या लेखी संमतीनेच मिळतो. सोळाव्या वर्षाविषयी लोक जे ऐकून असतात त्याचा उगम हा आहे. हा कायदा १९८८ चा आहे, लुनाच्या काळातला. अहमदनगरच्या कारखान्यातून निघालेली ती पन्नास सीसीची, पेडल असलेली गाडी तेव्हा गावोगाव दिसे, आणि मीही पंधराव्या वर्षी काकांची लुना त्यांना न विचारता बाजारापर्यंत नेलेली आहे. त्यामुळे तुमच्या मुलाला उपदेश करण्याचा माझा अधिकार थोडा कमीच आहे. पण त्या सवलतीची भाषा सीसीची आहे आणि विजेच्या मोटारीला सीसी नसतात. २०२४ मध्ये विजेवरची लुना बाजारात आली, ती ताशी ५० किलोमीटरपर्यंत धावते, आणि नाव तेच असले तरी तिला क्रमांकाची पाटीही लागते आणि परवानाही. सोळा ते अठरा वयोगटासाठी विजेच्या दुचाक्यांचे नियम सैल करण्याचे प्रस्ताव अधूनमधून बातम्यांत येतात. बातमी वाचून गाडी चालवता येत नाही. तुमच्यापुरती कसोटी सरळ आहे: मुलाच्या नावाचा, त्याच गाडीच्या प्रकाराला लागू असलेला परवाना आरटीओने दिलेला असेल तर त्याने ती चालवावी, आणि ‘१९९ ए’ कलमातही अशा परवानाधारक अल्पवयीनाला वगळलेले आहे. परवाना हातात नसेल तर त्या मुलाचे सोळावे असो की सतरावे, पंचेचाळीसने पळणारी गाडी त्याच्यासाठी नाही.

नणंदबाई सांगतात तेही खोटे नाही. ब्रिटनमध्ये चौदा वर्षांवरील मुलांना परवान्याशिवाय इलेक्ट्रिक सायकल चालवता येते. मात्र तिथे त्या वाहनाला चालणारी पेडल असावी लागतात, मोटार २५० वॉटपेक्षा जास्त नसावी लागते, आणि वेग ताशी साडेपंधरा मैल, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २५ किलोमीटर झाला की मोटारीची मदत थांबावी लागते. नणंदबाईंच्या डोळ्यांपुढे पेडल मारायची सायकल आहे, तुमच्या अंगणात मूठ पिळली की पळणारी स्कूटर आहे, आणि फोनवर दोघी ‘ई-बाईक’ हा एकच शब्द वापरता. गैरसमज तिथे आहे.

‘सगळेच चालवतात’ यावर मी फार लिहीत नाही. पाटी नसलेली गाडी पाहून चौकातल्या पोलिसाने सोडून दिले, याचा अर्थ त्याने ती सूट मिळालेली गाडी समजली, एवढाच असू शकतो. अपघातानंतर मात्र गाडीची तपासणी होते, आणि तेव्हा मोटारीवरचे वॉट आणि सुटलेले बंधन दोन्ही कागदावर येतात.

अपघाताचा विषय निघालाच आहे तर विम्याचेही पाहा. नोंदणीकृत गाडीवर अल्पवयीन मुलगा असताना तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली, तर अनेकदा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगते आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. तुमच्या गाडीला विमाच नाही, म्हणजे आधी किंवा नंतर देणारे दुसरे कोणीच नाही. सायंकाळी शतपावलीला निघालेल्या एखाद्या आजोबांचे खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेपासूनचा सगळा खर्च तुमच्या घरावर येईल.

आता गाडी पूर्ववत केली असे धरू. बंधन पुन्हा बसवले, वेग पंचविसाच्या आत आला, प्रमाणपत्रही मिळाले. मग मुलाने ती चालवणे मोटार वाहन कायद्याच्या विरुद्ध राहणार नाही. तरीही भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलम सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवण्याला लागू होते, आणि तिथे वाहन मोटारीचे असण्याची अट नाही. हेल्मेटची सक्ती मोटारसायकलींसाठी आहे, पण डोक्याला तो भेद कळत नाही, त्यामुळे चांगले आयएसआय चिन्हाचे हेल्मेट तुमच्या घरात सक्तीचे करा.

मला कायद्यापेक्षा त्या सात किलोमीटरांची जास्त काळजी वाटते. तुमच्या भागात ऊस गाळपाचा हंगाम चालू आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला अंधार असतो, कधी धुके असते, आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर व मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या असतात. ताशी २५ किलोमीटरची गाडी तिथे सगळ्यांत हळू असते. मागून येणारा प्रत्येक ट्रक तिला ओलांडणार, आणि पुढची ट्रॉली ओलांडायला मात्र तिच्यात जोर नसतो. मुलाने बंधन काढले त्यामागे नुसती हौस नसून हेही कारण असू शकेल. त्याला एकदा विचारून पाहा. ‘ट्रक अंगावर येतात, म्हणून वेग हवा होता,’ असे तो म्हणाला, तर तो उद्धट नाही, फक्त त्याने काढलेला उपाय चुकीचा आहे, आणि मग चर्चा गाडीची न राहता रस्त्याची होईल. गावातल्या गावात, दिवसाउजेडी, एकट्याने, डबलसीट न घेता चालवायला अशी गाडी ठीक आहे. पहाटेच्या राज्य मार्गावर ती मी माझ्या घरातल्या मुलाला देणार नाही. कायद्याने जे पालकांवर सोपवले आहे म्हणून वर म्हटले, ते हेच.

प्रत्यक्षात काय करायचे ते सांगतो, आणि असे पत्र लिहावेसे वाटणाऱ्या इतर पालकांनाही ते उपयोगी पडावे. गाडी आजपासून रस्त्यावर आणू नका. बिल घेऊन दुकानात जा, आणि शक्य असेल तर मुलाला बरोबर न्या. या मॉडेलला नोंदणीतून सूट असल्याचे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र दाखवा, त्याची प्रत द्या, असे सांगा. प्रमाणपत्रावरचे मॉडेलचे नाव बिलावरच्या नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहा, आणि मोटारीवर कोरलेले वॉट त्यातल्या आकड्याशी. ही तपासणी मुलालाच करू द्या, त्याच्या वयाला अशी कामे आवडतात. प्रमाणपत्र असेल तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून गाडी मूळ स्थितीत आणून तसे लेखी घ्या, आणि नंतर एखाद्या खासगी मोकळ्या मैदानावर मोठ्या माणसाने मोबाईलच्या जीपीएसवर वेग मोजून खात्री करावी.

दुकानदाराने प्रमाणपत्राऐवजी नुसती शब्दांची साखरपेरणी केली, किंवा मुळातच गाडी जास्त शक्तीची निघाली, तर ती तुम्हाला खोटे सांगून विकली गेली आहे. पैसे परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. बंधन मुलाने बाहेरून काढून घेतले ही गोष्ट तिथे लपवू नका. त्याने तुमची बाजू थोडी दुबळी होईल, पण लपवलेले उघड झाले तर ती पार कोसळेल.

राहिला क्लास. सव्वासहाची तुकडी बदलून मिळते का हे तुम्ही विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. आपण बऱ्याचदा क्लासचे वेळापत्रक पंचांगासारखे अटळ मानतो. त्याच रस्त्याने जाणारी तीन-चार मुले असतील तर पालकांनी मिळून रिक्षा ठरवता येईल, आणि ती पालकमंडळी तुमच्याइतकीच चिंतेत असण्याची शक्यता आहे, फक्त पहिला फोन कोणी करायचा म्हणून थांबलेली असतील. तुमच्या वेळेला एसटी असेल तर विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे.

मुलगा दुखावेल, हे खरे आहे. दोन-चार दिवस तो बोलणार नाही. त्याला पोलिसांचे किंवा बाबांचे भय घालू नका, त्यावर त्याच्याकडे ‘काही होत नाही’ हे तयार उत्तर आहे, आणि तुमच्या पत्रावरून वाटते की बाबाही तेच म्हणतात. म्हणून येत्या रविवारी आधी त्यांच्याशी बोला, मुलाच्या अपरोक्ष, आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना न मिळण्याची तरतूद त्यांना सांगा. मग तिघे बसा आणि बोलण्याची सुरुवात तुमच्या बाजूने करा: बंधन काढलेले मला ठाऊक होते, तेव्हाच बोलायला हवे होते, ते बोलले नाही ही माझी चूक. एवढे बोलून झाले की किल्ली मागा.